काकाजींचं रजिस्टर आणि तुझी शीट

"ताई, मी वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात आठ महिन्यांपासून कामाला आहे. ऑफिसात आम्ही अकरा जण, शिवाय हिंगणा आणि बुटीबोरीच्या गोडाऊनवर एकेक सुपरवायझर. स्वतःच्या आणि भाड्याच्या मिळून रोज पंधरा-वीस गाड्या निघतात. साहेबांच्या सांगण्यावरून मी सगळ्यांसाठी एक गूगल शीट बनवली. आता तिच्यात तेवीस टॅब झालेत आणि मुख्य टॅबमध्ये एकेचाळीस कॉलम. कुणी भरतं, कुणी भरत नाही. दोघांनी आपापल्या कॉप्या काढल्यात, एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल नवीन'. मागच्या महिन्यात कुणीतरी गाडी नंबरचा कॉलम तेवढा ए टू झेड लावला, बाकीचे कॉलम जागेवरच राहिले. भिवंडीला निघालेल्या गाडीच्या ई-वे बिलाची (माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची) मुदत रस्त्यात संपली, आणि शीटमध्ये त्या गाडीपुढे दुसरीच तारीख होती. गाडी अडकली, दंड भरावा लागला, साहेब सगळ्यांसमोर मला बोलले. आमचे मुनीम काकाजी एकतीस वर्षांपासून रजिस्टर लिहितात. ते म्हणतात, 'पोरी, तुझी शीट दिवसातून चार खेपा बदलते, माझं रजिस्टर नाही बदलत.' आणि शेवटी सगळे त्यांनाच विचारायला जातात. मी काय करू? सॉफ्टवेअर घ्यायला सांगू? काकाजींना कसं समजावू? की मलाच हे जमत नाही?"
एक वाचक, वाडी, नागपूर

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात ठेवून बाकीचं वाचलंस तर काही उपयोग नाही. तुला जमतं. कुणी न शिकवता तू तेवीस टॅब उभे केलेस, त्यात कष्ट आहेत. आणि अशा चुका फार मोठ्या ठिकाणीही होतात. 2020 च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रोजच्या आकड्यांतून कोरोनाचे जवळपास 16,000 रुग्ण गळून गेल्याचं उघड झालं. कारण एवढंच, की माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओतली जात होती आणि त्या फाइलमध्ये 65,536 च्या पुढे ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी आवाज न करता बाहेर पडल्या. तिथे जाणत्या माणसांची कमी नव्हती. तेव्हा चारचौघांत बोलणी खाण्यासारखं तू काही केलेलं नाहीस. साहेबांचा राग निवला की हे त्यांना एकदा शांतपणे सांग, मनात ठेवू नकोस.

आता काकाजी. त्यांना समजावायचं कसं, असं तू विचारतेस. मी म्हणेन, आधी दोन दिवस त्यांच्या बाजूला खुर्ची टाकून बस आणि ते लिहितात कसे ते बघ. मुनीम लोकांची रजिस्टरं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून तुला काय दिसेल याचा अंदाज आहे. बिल्टीचा (माल पाठवल्याच्या पावतीचा) नंबर, तारीख, गाडी नंबर, कुठून कुठे, पार्टी, नग, वजन, भाडं, अ‍ॅडव्हान्स, बाकी, पोच (माल मिळाल्याची सही). अकरा-बारा रकाने, त्याहून जास्त नाहीत. एकदा लिहिलेली ओळ ते कधी हलवत नाहीत. आकडा चुकला तर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी छोटी सही. खालचा चुकलेला आकडाही वाचता येतो. गाडी रद्द झाली तरी ओळ तिथेच राहते, तिच्यावर 'रद्द' लिहितात. बिल्टीचे नंबर सलग असल्यामुळे मधला एक गळला की लगेच डोळ्यात येतो. आणि मुख्य म्हणजे त्या रजिस्टरला दुसरं कुणी पेन लावत नाही.

तुझ्या शीटमध्ये तेरा जण लिहितात. कोणी कुठेही लिहावं, कोणी काहीही पुसावं. घोळ तिथून सुरू झालाय. तेरा ही संख्या काही फार नाही, गूगल शीटमध्ये एका वेळी शंभर जणांपर्यंत काम करता येतं. पण अमुक रकाना अमक्याचा, हे तुमच्याकडे कुणी ठरवलेलंच नाही, आणि ते ठरवायचं काम कंप्युटर करून देत नाही.

म्हणून पहिलं काम कागदावर कर. एकेचाळीस कॉलमांची नावं एकाखाली एक लिही आणि प्रत्येकापुढे एकाच माणसाचं नाव. बिल्टी आणि ई-वे बिल बुकिंगवाल्याचं, गाडी सुटल्याची वेळ गोडाऊनच्या सुपरवायझरची, अ‍ॅडव्हान्स काकाजींचा, पोच जो पोच गोळा करतो त्याची. ज्या कॉलमपुढे नाव सुचत नाही किंवा दोन नावं येतात, तिथे थांब. दोन नावं आली तर एक खोड. एकही येत नसेल तर तो कॉलम आजपर्यंत कुणी भरलेलाच नसणार, काढून टाक. माझा अंदाज आहे, चौदा-पंधरा उरतील. मग डेटा मेनूत 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' आहे, तिथे प्रत्येक कॉलम त्या त्या माणसाच्या नावावर बांधून टाक. बाकीच्यांना तो दिसेल, पण हात लावता येणार नाही. वरच्या शीर्षकाच्या ओळीला तर तुझ्याशिवाय कुणाचाच हात लागू देऊ नकोस.

ए टू झेडचं नुकसान पुन्हा होऊ नये म्हणून एक गोष्ट सगळ्यांना जवळ बसवून दाखव, तोंडी सांगून भागणार नाही. एकच कॉलम निवडून 'सॉर्ट रेंज' केलं की फक्त तोच हलतो, बाजूचे जागेवर राहतात, आणि एका गाडीचा माल दुसऱ्या गाडीच्या नावावर जातो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं. ज्याला आपल्या सोयीनं गाड्या लावून बघायच्या आहेत त्यानं 'फिल्टर व्ह्यू' बनवावा. त्यात हवं तसं उलटंसुलटं केलं तरी ते त्याच्याच स्क्रीनवर दिसतं, बाकीच्यांची शीट जशीच्या तशी राहते. मूळ टॅबमध्ये सॉर्ट करायचंच नाही आणि ओळ डिलीट करायचीच नाही, रद्द झाली तर 'रद्द' लिहायचं. हा काकाजींचाच नियम आहे, आणि तो त्यांच्या नावानं सांग.

काकाजींच्या आडव्या रेघेसारखी सोय तुझ्या शीटमध्येही आहे, फक्त ती कुणाला माहीत नसते. कुठल्याही सेलवर राइट क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' घेतलं की तिथे आधी काय होतं, ते कुणी आणि कधी बदललं हे दिसतं. संपूर्ण फाइलसाठी फाइल मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' आहे. काकाजींना हे एकदा स्वतः उघडून दाखव. 'शीट बदलते' ही त्यांची तक्रार खरी आहे. बदललेलं शोधता येतं हे त्यांनी अजून पाहिलेलं नाही. एक सावधगिरी मात्र ठेव. जुनी व्हर्जन सापडली म्हणून घाईनं 'रिस्टोअर' दाबू नकोस. सगळी फाइल त्या वेळेवर मागे जाते आणि मधल्या काळात बाकीच्यांनी भरलेलं समोरून नाहीसं होतं. जुनी व्हर्जन उघडायची, बिघडलेला भाग तेवढा तिथून कॉपी करायचा आणि आजच्या शीटमध्ये आणायचा. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी त्या दिवसाच्या व्हर्जनला नाव देऊन ठेव, शोधायला सोपं जातं. आणि कुणाची चूक हिस्टरीत सापडली तर ती ग्रुपवर टाकू नकोस. चारचौघांत बोलणी खाल्ली की कसं वाटतं ते तुला ठाऊक आहे.

ई-वे बिलाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या धंद्यात पैसा तिथे अडकतो. साध्या मालाला दर 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, वरचे उरलेले किलोमीटर दोनशेपेक्षा कमी असले तरी त्यांचा आणखी एक. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, म्हणजे भिवंडीच्या गाडीला चार दिवस. ऐकायला भरपूर वाटतात. पण गाडी सिन्नरच्या अलीकडे दोन दिवस उभी राहिली की चारही संपतात. मुदत संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास, एवढ्या वेळात ती वाढवून घेता येते. म्हणजे तुमच्या ऑफिसात सोळा तासांच्या त्या पट्ट्यात कुणाला तरी जाग यायला हवी. शीटचं खरं काम हेच.

तिथे मुदतीचा हिशेब शीटकडून करवून घेऊ नकोस. ई-वे बिलावर जी तारीख छापलेली आहे तीच बुकिंगवाल्यानं बघून लिहावी. मग त्या कॉलमला 'कंडिशनल फॉरमॅटिंग' लाव: 'डेट इज' या पर्यायात 'टुमॉरो' असेल तर पिवळा, 'टुडे' असेल तर लाल. फॉर्म्युला लिहायची गरज नाही. आणि शीटमधले बाकी सगळे रंग काढून टाक. तुझ्या पत्रात रंगांचं काही नाही, पण तेवीस टॅब असलेल्या शीटमध्ये हिरवा, गुलाबी, आकाशी असणारच, आणि कुठला रंग कशासाठी हे ज्यानं लावला त्यालाच माहीत असतं. लाल-पिवळा दिसला की ई-वे बिल संपत आलं, एवढाच अर्थ राहू दे. रोज सकाळी ऑफिस उघडल्यावर आणि संध्याकाळी निघताना लाल-पिवळ्या ओळी बघून ड्रायव्हरला फोन करणारा माणूसही एकच ठरव.

तारीख म्हटलं की आणखी एक खड्डा आहे. फाइल मेनूतल्या 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'लोकेल' इंडिया आहे का ते बघ. तिथे अमेरिका असेल तर 03/04 म्हणजे 3 एप्रिल लिहिलेलं शीट 4 मार्च समजते. 13/04 ला तेरावा महिना नसल्यामुळे ते तारीख म्हणून घेतच नाही, नुसती अक्षरं म्हणून ठेवते, आणि मग तुझा लाल रंग त्या ओळीला कधीच लागत नाही. ओळखायची सोपी खूण अशी: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, अक्षरं समजलेली डावीकडे. तारखांच्या कॉलमवर वरून खालपर्यंत नजर फिरव. डावीकडे सरकलेली प्रत्येक ओळ तपासून घे.

गाडी नंबरचंही तसंच. एमएच 40 ची तीच गाडी कुणी सलग लिहितो, कुणी जागा सोडून, कुणी मध्ये आडवी रेघ टाकून, आणि शोधायला गेलं की एकाच गाडीच्या चार गाड्या होतात. स्वतःच्या गाड्यांची यादी एका वेगळ्या टॅबमध्ये करून त्यातून ड्रॉपडाउन दे. भाड्याच्या गाड्या रोज नव्या येतात, त्यांना ड्रॉपडाउन पुरणार नाही; तिथे सलग लिहायचा नियमच चालवावा लागेल.

आणि ड्रायव्हरांचे खाते नंबर. हे मी स्वतः भोगलंय. एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी बारा वर्षं हिशेब पाहिले. तिथे गाडीवाल्यांचे खाते नंबर एक्सेलमध्ये ठेवलेले होते, त्यातले काही सोळा अंकी. एक्सेल आकडा म्हणून पंधराच अंक नेमके धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य येतं. मला ते माहीत नव्हतं. दिवाळीच्या आधी एका ड्रायव्हरचे पैसे दोनदा परत आले. तिसऱ्या दिवशी तो पासबुक घेऊन टेबलासमोर उभा राहिला, एक शब्द न बोलता पासबुक उघडून खाते नंबरवर बोट ठेवलं. शेवटचा अंक सात होता, माझ्या स्क्रीनवर शून्य. त्याच्या घरी त्या दोन दिवसांत काय झालं असेल ते मी विचारू शकले नाही. तेव्हापासून खाते नंबर, मोबाइल नंबर, सुरुवातीला शून्य असलेला कुठलाही नंबर भरायच्या आधी तो कॉलम 'प्लेन टेक्स्ट' करते. आधी करायचा; नंबर बिघडल्यावर केला तर गेलेला अंक परत येत नाही.

हे खाते नंबर, लायसन्स, आधारच्या कॉप्या तुझ्या त्याच शीटच्या एखाद्या टॅबमध्ये असतील तर आजच्या आज वेगळ्या फाइलमध्ये हलव. टॅब लपवून भागत नाही. शेअरिंग पूर्ण फाइलचं असतं, एकेका टॅबचं नसतं, आणि लपवलेला टॅब कुठलाही एडिटर परत उघडू शकतो. ती वेगळी फाइल काकाजी, साहेब आणि तू, तिघांपुरतीच ठेव. 'एनीवन विथ द लिंक' चालू असेल तर दोन्ही फाइलींचं बंद कर. ड्रायव्हरनं विश्वासानं दिलेले कागद आहेत, आणि 2023 साली आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झालाय. त्यासोबतच बघ की मुख्य फाइल कुणाच्या मालकीची आहे. तुझ्या वैयक्तिक जीमेलवर असेल तर ऑफिसच्या नावानं एक खातं काढून मालकी तिकडे दे. उद्या तू दुसरीकडे गेलीस तर ऑफिस तुझ्या मेलवर अवलंबून राहायला नको, आणि तूही मोकळी राहायला हवीस.

सुपरवायझर शीट भरत नाहीत याचा मला जराही राग येत नाही. मे महिन्यात बुटीबोरीच्या गोडाऊनच्या पत्र्याखाली, बाहेर पंचेचाळीस अंश, समोर हमाल माल चढवतायत, ड्रायव्हर घाई करतोय, आणि या माणसानं पाच इंची मोबाइलवर एकेचाळीस कॉलम सरकवत आपली ओळ शोधायची? नाही जमणार. त्यांच्यासाठी गूगल फॉर्म कर. बिल्टी नंबर, गाडी नंबर, नग, सील लावलं का, गाडी सुटली का, एवढे पाच प्रश्न, मराठीत किंवा हिंदीत, जशी त्यांची सवय असेल तसे. वेळ फॉर्म आपोआप टाकतो. प्रत्येक उत्तर एका वेगळ्या टॅबमध्ये नवी ओळ होऊन येतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या ओळीला धक्का लागायचा प्रश्नच नाही. फॉर्मची लिंक त्यांच्या मोबाइलच्या होम स्क्रीनवर तू स्वतः जाऊन लावून दे.

आता सगळ्यात अवघड भाग, लोकांनी शीट भरायची का? ग्रुपवर 'प्लीज शीट अपडेट करा' असं रोज टाकून कुणी भरत नाही, हे तू आठ महिने पाहिलंस. ट्रान्सपोर्टमध्ये एक क्षण असा असतो जो कुणालाच टाळता येत नाही: ड्रायव्हर डिझेलचा अ‍ॅडव्हान्स मागतो तो. अ‍ॅडव्हान्स काकाजींच्या हातून जातो. साहेबांकडून एकच नियम मागून घे, की शीटवर बिल्टी, गाडी आणि ई-वे बिलाची तारीख भरलेली असल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स सुटणार नाही. काकाजींच्या टेबलावर एक स्क्रीन किंवा जुना टॅबलेट ठेव. ड्रायव्हर समोर आला की ते ओळ बघतील, भरलेली असेल तर पैसे देतील आणि आपला एक रकाना भरतील. बुकिंगवाल्यानं भरलं नसेल तर ड्रायव्हर स्वतःच त्याच्याकडे जाऊन तगादा लावेल, तुला एक मेसेज टाकावा लागणार नाही. पहिल्या आठवड्यात आरडाओरड होईल. साहेबांनी त्या आठवड्यात एकदाही 'आज जाऊ दे' म्हणायचं नाही, एवढं त्यांच्याकडून आधीच कबूल करून घे.

यात काकाजींची जागा बघ. ते शीटच्या बाहेर बसून शंका काढत होते, आता त्यांच्या होकाराशिवाय गाडी हलत नाही. त्यांचं रजिस्टर बंद करायला अजिबात सांगू नकोस. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या ओळींची एक प्रिंट त्यांना दे, लाल पेनानं त्यांनी रजिस्टरशी जुळवून टिक करू दे. फरक निघाला तर तो मुकाट ऐकून घे आणि लगेच शोध. सुरुवातीला बहुतेक वेळा चूक शीटमध्येच निघेल. दोन-तीन महिन्यांनी फरक निघणं थांबलं की रजिस्टर ठेवायचं की नाही हे त्यांचं ते ठरवतील. ठेवलं तरी काय बिघडलं?

'फायनल' आणि 'फायनल नवीन' मात्र ठेवू नकोस. ज्यांनी काढल्यात त्यांना विचार, त्यांना मूळ शीटमध्ये काय सापडत नव्हतं. ती गोष्ट फिल्टर व्ह्यूमध्ये देऊन मग कॉप्या हटव. तसंच, 'ती भंडाऱ्याची गाडी बघ जरा' असा व्हॉट्सअ‍ॅप करण्यापेक्षा त्याच सेलवर कमेंट टाकून माणसाला टॅग करायची सवय लाव. कुठल्या ओळीबद्दल बोलतोय हे विचारायची वेळ येत नाही.

सॉफ्टवेअरचं एवढंच सांगते, आत्ता नको. कुठला रकाना कुणाचा हे ठरलेलं नसेल तर सॉफ्टवेअरमध्येही हाच घोळ होईल, शिवाय पैसे जातील. भाड्याची बिलं, डिझेल आणि टायरचा खर्च गाडीवार एकत्र बघायची गरज पडेल तेव्हा साहेबांशी जरूर बोल. शीट भरून जाईल ही भीती नको. गूगल शीटमध्ये एक कोटी सेल मावतात, तुमच्या रोजच्या वीस गाड्या आणि पंधरा कॉलम धरले तरी वर्षाला लाखभरच होतात. तरी दर 1 एप्रिलला नवी फाइल उघड, काकाजी नवं रजिस्टर उघडतात तशी. जुनी फक्त बघण्यासाठी ठेव.

उद्या काकाजींच्या बाजूला बसशील तेव्हा शीटचा विषय काढू नकोस. पोच न आलेल्या बिल्ट्या ते कशा लक्षात ठेवतात, एवढंच विचार. रजिस्टरच्या कडेला टिंब देत असतील, नाहीतर पानाचा कोपरा दुमडत असतील. ते काय म्हणाले ते मला कळव, तुझ्या पोचेच्या कॉलमची रचना आपण त्यावरून करू.